येते म्हणायचं

बिल्लोच्या केसांतला गुंता सोडवता सोडवता जुबैदाच्या हातातली फणी थांबली. पुरुषभर उंचीच्या मातीच्या भिंतीपलीकडे, लालीबाईच्या अंगणात, पोलीस ठाण्यातला नागोराव जमादार खाटेवर बसला होता आणि बशीतला चहा फुंकत त्यानं विचारलं होतं, “बरं, जाताना काय म्हणून गेलती हे बाई?” लालीबाईनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं असावं, कारण राखेत काहीतरी फुसकन विझलं. मग आज बाजाराचा दिवस आहे असं कुणी सहज सांगावं तसं तिनं सांगून टाकलं, “येते म्हणून गेलती. दुसरं काय म्हनते मानूस?” जमादार म्हणाला, “तुम्ही आपल्या कानानं ऐकलं?” “ऐकलं म्हंजे? याच भिताडापाशी उभी होती मी. साऱ्या मोहल्ल्यानं ऐकलं.” मग बशी खाली ठेवल्याचा आवाज झाला आणि त्यानंतर काहीच आवाज झाला नाही. लिहिण्याला आवाज नसतो, पण जुबैदाला तो ऐकू आला. बिल्लोनं मान मागं करून आईकडं उलटं पाहिलं. “अम्मी, कंघी कीजिए ना.” तिचं हे कीजिए ऐकून गल्लीतली पोरं हसत. दारव्ह्यात आईला कुणी कीजिए म्हणत नाही. जुबैदानं फणी पुन्हा केसांत घातली, पण गुंता कुठं होता ते तिला आता सापडेना.

ती येते म्हणाली नव्हती. जाते म्हणाली होती. गोष्ट एवढीशीच, आणि तिची अम्मा सुग्राबी जिवंत असती तर तिनंच ती जमादाराला बसवून, रडून, पदर डोळ्यांना लावून सांगितली असती. विहिरीवर जाणारी बाईसुद्धा येते म्हणून उठते. उधार मीठ घेऊन वळणारी शेजारीण येते म्हणते, पाहुणा तर उंबऱ्याबाहेर पाय टाकायच्या आधी दहादा येतो येतो करतो. जुबैदा लहानपणापासून हेच बोलत आली होती, त्यात विचार करण्यासारखं काही नव्हतंच. आणि तरीही कराचीला निघायच्या त्या दुपारी, जेव्हा दाराशी छकडा उभा होता, तिचा नवरा रहेमान आतबाहेर करत होता आणि छोटी गाडी मूर्तिजापूरकडं निघायची वेळ होत आली होती, तेव्हा अम्मानं तिच्या दंडाला, प्रवासात राखण व्हावी म्हणून, इमामजामीनची चिंधी बांधली, आत गुंडाळलेला पैसा तिच्या मांसाला रुतला, आणि जुबैदा म्हणाली, “अम्मा, जाते.” अम्माचा हात गाठीवरच राहिला. “जाते नको म्हनू. येते म्हण.” जुबैदानं तोंड उघडलं. शब्द तिथंच होता, जिभेच्या मागं, रोजचा, वापरून गुळगुळीत झालेला. तो बाहेर आला नाही. “म्हण ना व,” अम्मा म्हणाली. लालीबाई भिंतीवरून डोकावत म्हणाली, “म्हण ना, बाई. काय लागते त्याले?” रहेमाननं बाहेरून हाक मारली. जुबैदा अम्माच्या पाया पडल्यासारखी वाकली, उठली आणि छकड्यात जाऊन बसली. अम्मा भिंतीकडं तोंड करून उभी राहिली होती एवढं तिनं पाहिलं.

त्यानंतर मरेपर्यंत अम्मानं हे सगळ्यांना सांगितलं. बांगड्यावालीला सांगितलं, तेल्याला सांगितलं, मशिदीतून येणाऱ्या म्हाताऱ्यांना थांबवून सांगितलं. माही लेक जाते म्हणून गेली, ते आता कशाची येते! भाऊ जलाल कराचीला लिहायचा त्या कार्डांच्या शेवटीसुद्धा हे यायचं, की अम्मा अजून तेच म्हणत असते, तू एकदा येऊन जा. एकदा येऊन जा हेही तो किती सहज लिहायचा. आणि मग एका कार्डात अम्माचं फक्त दफन होतं, जुम्मा होता, पुष्कळ माणसं जमली होती. त्या दिवशी कराचीच्या त्या चाळीत, जिथं त्यांना सगळे सी.पी.वाले, म्हणजे मध्यप्रांतातले, म्हणत आणि जिथं पाणी मोटारीतून यायचं, जुबैदा बादली घेऊन रांगेत उभी होती. वाऱ्यानं वाळू उडत होती. दातांखाली वाळू करकरत होती आणि तिला वाटत होतं की आता कुणीतरी आपल्याला येते म्हणायला सांगावं. आता म्हटलं असतं. पण सांगणारी एकच होती.

नागोराव गेल्यावर भिंतीच्या पडक्या भागातून लालीबाईचं डोकं वर आलं. तिच्या कानांतली चांदीची फुलं केसांसकट हलत होती. लालीबाई बंजाऱ्याची. तिच्या आज्यानं बैलांच्या पाठीवर मीठ लादून हैदराबादपर्यंत वाटा तुडवल्या होत्या. तिचा नवरा पूनमसिंग आता जिनावर, सरकी काढायच्या कारखान्यात, कापसाच्या गाड्या मोजतो. “ऐकलं ना?” ती खालच्या आवाजात म्हणाली. “बराबर बोलली ना मी?” जुबैदानं मान हलवली नाही. “काहून व, तोंड असं केलं? फायदाच झाला ना तुहा.” जुबैदा म्हणाली, “तू झूट काहून बोलली, लालीबाई?” लालीबाईनं डोळे मोठे केले. “हे पाहा! मीच बोलली अन् मलेच पुसून राह्यली. माताले सांगितलं मी, याडी, एक झूट बोलली, एक दिवस उपाशी राहते. मंगळवारी राहीन. झालं बरोबर. तुह्या पोरीले वापस धाडलं असतं तर तो पाप कोनाच्या माथी लागला असता? आमचे बाप जनमभर फिरले बाप्पा, आज इथं उद्या तिथं, कोनी नाही विचारलं येता का जाता. आता तुमाले विचारतेत.” मग ती भिंतीवरून आणखी वाकली आणि हसली. “नाहीच जमलं तर साहेबाले सांग, जातं म्हनली होती मी, दळायचं जातं. अम्मा, जातं झाकून ठेवजो, असं म्हनली होती.” जुबैदालाही हसू आलं. ते ओठांपर्यंत आलं आणि तिथं वाळलं.

विचारण्याचं कारण सगळ्यांना ठाऊक होतं. रहेमान, ती आणि कडेवरची बिल्लो, तिघं कराचीहून आले ते पाकिस्तानच्या पासपोर्टवर आणि काही महिन्यांच्या परवानगीवर. ती परवानगी वाढली, पुन्हा वाढली. दर वेळी रहेमान ठाण्यावर जाऊन हजेरी देऊन यायचा आणि आला की तोंड धुवायचा. मग त्यानं इथंच कायमचं राहू द्या असा अर्ज केला, आपल्या, बायकोच्या आणि लेकीच्या नावानं. जिनातल्या मशीनवर त्याचा हात चालतो, त्याचे मालक दोन शब्द लिहून द्यायला तयार होते. अडलं होतं ते एवढ्यावर, की ही माणसं पोटासाठी गेली होती की कायमची गेली होती. पोटासाठी गेलेला परत येतो. कायमचा गेलेला येत नाही, आला तर तो परका. म्हणून जमादार गल्लीत फिरून विचारत होता, आणि दारव्ह्यातल्या माणसांना याचा एकच पुरावा ठाऊक होता. जाताना काय म्हणून गेले?

रहेमान संध्याकाळी आला तेव्हा त्याच्या भुवयांवर कापूस होता. मोसम जोरात होता, गावभर रुई उडत होती, तुळशीवर, तारांवर, ओल्या कपड्यांवर बसत होती. “नागोराव भेटला,” तो म्हणाला. “काम झालं समज. गुरुवारी यवतमाळले बोलावलं साहेबानं. तुले पुसतीन, येते म्हनली होती ना. हो म्हणायचं. बस.” जुबैदा भाकर थापत होती. “गुरुवारी माहा रोजा असते.” “रोज्यात हो म्हणता येत नाही का?” तो हसला आणि मग हसणं अर्धवट ठेवून तिच्याकडं पाहू लागला. ती अर्ज दिल्यापासून दर गुरुवारी रोजा धरत होती, नमाजाच्या चुकल्या-माकल्या वेळा भरून काढत होती, झोपताना तस्बीहची माळ बोटांत ठेवत होती. हे सगळं तिनं मागण्यासाठी केलं होतं. आणि आता मागितलेलं मिळायची वेळ आली तेव्हा तोंड रोज्याचं, झूट न चालणारं, असणार होतं. “एक शब्द हाय, जुबैदा,” तो हळू म्हणाला. “कोणाचं काय जाते?” तिनं भाकर तव्यावर टाकली. कोणाचं काय जातं? अम्माचं जातं. तिला म्हणायचं होतं की मी हो म्हटलं तर अम्मा इतकी वर्षं खोटं रडली असं होईल. ज्या बाईनं बांगड्यावालीला थांबवून सांगितलं, तेल्याला सांगितलं, ती बाई वेडी ठरेल. माणूस गेल्यावर त्याचं काही राहत नाही. अम्माचं एवढं गाऱ्हाणं राहिलं होतं, गावानं जपलेलं. तेही आपण पुसायचं. पण हे रहेमानला सांगायचं कसं? जलालची बायको आतून भांडी आपटत होती. तिच्या घरात ते राहत होते, आणि भांड्यांचा आवाज अलीकडं वाढला होता. जलाल काही बोलत नसे. बोलत नसे म्हणूनच जास्त कळायचं.

तिनं पुष्कळदा शोधलं होतं की आपण तसं का म्हणालो. नमाजानंतर हात वर करून बसल्यावर हात तसेच राहत आणि मन त्या दुपारी जाई. कधी वाटे की मी खरी होते म्हणून. समुद्रापलीकडे जाऊन परत येता येईल की नाही ठाऊक नव्हतं, मग उंबऱ्यावर उभं राहून झूट कशाला बोलायचं? हे कारण चांगलं होतं, त्यात ती नेक दिसत होती, आणि म्हणूनच तिला ते पटत नसे. कधी वाटे की दंडाची गाठ फार घट्ट होती, दुखत होतं, रागानं तोंडातून निघून गेलं. कधी तिला आठवे ते बैलाच्या गळ्यातलं घुंगरू, छकड्यातली नवी ट्रंक, तिच्यावर काढलेलं हिरवं फूल, आणि छातीत उडणारं काहीतरी, जे रडणं नव्हतं. तिथं ती थांबे. त्या फुलापाशी आलं की ती घाईनं तोंडावरून हात फिरवी आणि उठे. साहेब विचारणार होता की तुझ्या मनात काय होतं. तिलाच कुठं ठाऊक होतं? मनात काय होतं ते जिभेनं ठरवलं, आणि जीभ त्या क्षणी कुणाची होती?

गुरुवारी पहाटे सहेरीचे दोन घास खाऊन ती निघाली. थंडी होती. स्टेशन तेच, फलाट तोच, फक्त गाडी उलट्या बाजूची, यवतमाळची. तिच्या एवढंच लक्षात आलं की त्या दिवशी ज्या रुळांकडं आपण तोंड करून उभ्या होतो त्यांच्याकडं आज पाठ आहे. बिल्लोला गाडीचं हसू येत होतं, कारण ती इतकी हळू चालायची की माणसं उतरून बोरं वेचून पुन्हा चढत. “ये रेल थक गई है,” बिल्लो म्हणाली, आणि समोरच्या बाकावरची, कापूस विकून परतणारी नेरकडची म्हातारी खूश होऊन म्हणाली, “पोरगी कशी साहेबासारखी बोलते! कुठची हाय?” रहेमान पटकन म्हणाला, “दारव्ह्याची.” म्हातारीनं बुरख्याकडं पाहिलं, बिल्लोकडं पाहिलं, पदराच्या गाठीतून फुटाणे काढून दिले. बिल्लोनं ते दोन्ही हातांत घेतले आणि शुक्रिया म्हणाली. रहेमान खिडकीबाहेर पाहू लागला. जुबैदाला वाटलं, हिला आपण गप्प राहायला शिकवलं पाहिजे, आणि लगेच वाटलं, चार वर्षांच्या लेकराला? तिच्या घशात पाण्याची आठवण आली. दिवस अजून अर्धाही झाला नव्हता.

कचेरीच्या व्हरांड्यात पुष्कळ माणसं होती, फेटे होते, काठ्या होत्या, एक बाई भिंतीला टेकून झोपली होती. ऊन व्हरांड्याच्या फरशीवर एक पट्टा करून पडलं होतं आणि तो पट्टा हळूहळू त्यांच्या पायांकडं सरकत होता. बिल्लो त्याच्या कडेकडेनं चालत होती, ऊन न तुडवता. जुबैदा पाहत बसली. हो म्हणायचं. नुसते ओठ हलवायचे. ती मनात हो म्हणून पाहत होती, जोरात, हळू, मान हलवून, नुसतंच मान हलवून. मान हलवणं झूट असतं का? रोज्यात जीभ बांधलेली असते, मानेचं काय? मग तिला स्वतःचीच लाज वाटली. अशी पळवाट शोधत बाई अल्लाच्या पुढं जाते. आणि नाही म्हटलं तर लालीबाई जमादारापुढं झूटी पडेल, बिचारीनं एक उपास कबूल करून सोडवलेलं पुन्हा बांधलं जाईल. रहेमानची हजेरी, तोंड धुणं. मोटारीच्या पाण्याची रांग, वाळू, आणि रांगेत बिल्लो. दोन्हीकडं दारं होती आणि दोन्ही आतून लावलेली. तिला वाटलं, त्या दिवशी अम्मानं म्हटलं नसतं, येते म्हण, तर हे काही झालं नसतं. शब्द सुटून गेला असता, कुणाच्या लक्षात राहिला नसता. अम्मानं त्याला पकडून ठेवलं. मायेनंच पकडलं. उन्हाचा पट्टा तिच्या चपलेवर चढला तेव्हा आतून तिच्या नावाचा पुकारा झाला.

साहेब तरुण होते, दूर दक्षिणेकडचे. मराठी त्यांना शाळेत शिकल्यासारखी येत होती, एकेक शब्द वेगळा, हळू, प्रत्येकाला जागा देऊन. त्यांच्या शेजारी पंजाबराव कारकून बसला होता. त्याच्या बोलण्यावरून तो इकडचाच होता. साहेबांनी रहेमानला किती वेळा विचारलं असेल ते सगळं पुन्हा विचारलं. मग जुबैदाकडं पाहिलं. तिनं बुरखा वर केला होता, डोळे खाली होते. “बाई, तुम्ही खरं सांगा,” ते म्हणाले. “शेजारीण सांगते की तुम्ही घर सोडताना ‘येते’ असं बोलला. बोलला?” रहेमानच्या पायातली चप्पल करकरली. जुबैदाला मान हलवायची होती आणि मान हलली नाही, जशी त्या दुपारी जीभ हलली नव्हती. “नाही साहेब,” ती म्हणाली. तिचा आवाज इतका बारीक होता की पंजाबराव पुढं वाकला. “येते नाही म्हनलं. अम्मानं म्हण म्हनलं. मी नाही म्हनलं. जाते म्हनलं.” रहेमाननं डोळे मिटले. पंजाबरावनं लेखणी खाली ठेवली आणि बाईकडं अशा नजरेनं पाहिलं, जणू घरात कुणी वारलं आहे.

साहेब वाट पाहत होते. “मग?” ते म्हणाले. “तुम्ही जात होता. जाते म्हणणार. दुसरे काय म्हणणार?” पंजाबराव घोटाळला. “साहेब, आमच्या इकडं जाताना येतो म्हनतेत.” “जाताना येतो? कोण म्हणतात?” “सगळेच म्हनतेत जी.” “परत न येणारे सुद्धा?” पंजाबरावनं क्षणभर विचार केला. “हो. तेही म्हनतेत. रीत हाय.” साहेबांनी पेन्सिलीनं टेबलावर बारीक ठोका दिला. “जे सगळे म्हणतात त्यावरून एका माणसाच्या मनातले कसे समजेल? हे काढून टाका. याचा उपयोग नाही.” आणि त्यांनी स्वतःच एक आडवी रेघ मारली. मग मालकाचं पत्र वाचलं, जलालचं घर कितीचं ते विचारलं, आणि रहेमानकडं पाहून पहिल्यांदाच थोडं हसले. “तुमच्या दोघांचे काम मला कठीण दिसत नाही. जन्म इथला, घर इथे, काम इथे. मी तसे लिहीन. अर्जावर एक तिकीट कमी आहे. पंजाबराव, यांना दाखवा कुठे मिळते.”

रहेमान उठला तो धडपडतच. दारातून जाताना त्यानं वळून तिच्याकडं पाहिलं, आणि त्याच्या चेहऱ्यावर असं काही होतं जे तिनं कराचीच्या जहाजावर चढताना पाहिलं होतं आणि नंतर कधी नाही. पंजाबराव त्याच्या खांद्यावर हात ठेवून काहीतरी बोलत त्याला घेऊन गेला. खोलीत साहेब, ती आणि बिल्लो राहिले. जुबैदा बसल्या जागी हलकी झाली होती, आणि हलकेपणात एक खड्डा होता. एवढंच? याचा उपयोग नाही. अम्माचं सगळं रडणं, भिंतीकडं केलेलं तोंड, कार्डांच्या शेवटच्या ओळी, लालीबाईचा उपास, व्हरांड्यातली तिची सगळी सकाळ, यावर एक आडवी रेघ. ती खरं बोलली होती, आणि खऱ्याचं ओझं उतरवून घ्यायला समोर कुणी नव्हतंच. तरी श्वास मोकळा येत होता. किती दिवसांनी पोटाच्या तळापर्यंत येत होता. तिला साहेब एकदम आपल्या जलालसारखे वाटले, लहानपणीच्या, न चिडणाऱ्या जलालसारखे.

साहेबांनी टेबलावरचा काचेचा गोळा बिल्लोला दिला. आत रंगीत फुलं होती. “शुक्रिया,” बिल्लो म्हणाली आणि तो डोळ्याला लावून खिडकीकडं पाहू लागली. साहेब कौतुकानं हसले. “हिचे थोडे वेगळे आहे,” ते म्हणाले, कागद उलटत. “हिचा जन्म तिकडचा. तुम्ही गेला आणि आला. ही गेली नाही, म्हणून ही परत आली असे मला लिहिता येत नाही. हिची नवी परवानगी लागेल. फक्त एक विचारतो.” त्यांनी मान वर केली. “मुलगी इथे कायम राहणार?”

बिल्लोनं गोळा डोळ्यावरून काढून आईकडं पाहिलं. तिच्या केसांवर खिडकीतलं ऊन पडलं होतं, फणीनं नीट केलेला भांग पुन्हा विस्कटला होता. जुबैदाला भरून आलं. तिनं हात पुढं करून तिच्या कपाळावरची बट मागं सारली, आणि विहिरीवर, दळणाच्या दारात, लग्नाच्या मांडवात, हजारदा ऐकलेलं आणि बोललेलं, प्रत्येक आई लेकीचं कौतुक झालं की नजर लागू नये म्हणून हसत हसत बोलते ते, मोकळ्या श्वासाबरोबर आपोआप बाहेर पडलं. “लेकीची जात, साहेब. ते कुठं कायम राहते? आज हाय, उद्या आपल्या घरी चालली जाईन.”

साहेबांचं हसू तसंच राहिलं, फक्त डोळ्यांतून गेलं. “तिच्या घरी,” ते म्हणाले. “म्हणजे कुठे?”

“ते आत्ताच कसं सांगता येईन?” जुबैदा लाजून म्हणाली. “नशीब जिथं नेईन तिथं.”

साहेबांनी पेन उचललं. पंजाबराव अजून आला नव्हता. ते स्वतःच लिहू लागले, नव्या भाषेत लिहिणारा माणूस लिहितो तसे, प्रत्येक शब्द आधी तोंडात पुटपुटून, मग कागदावर. “मुलगी… इथे… कायम…” जुबैदा त्यांच्या ओठांकडं पाहत होती, अजून हसत. “राहणार… नाही.” हसू तिच्या चेहऱ्यावरच राहून गेलं. “आई… सांगते,” साहेब लिहीत होते.

“तसं नाही साहेब,” ती म्हणाली. ती उभी राहिली होती, कधी ते तिला कळलं नाही.

साहेबांनी पेन थांबवलं. ते चिडले नव्हते. त्यांना खरोखर ऐकून घ्यायचं होतं. पेनचं टोक कागदापासून बोटभर वर धरून ते म्हणाले, “मग कसे? सांगा. मी लिहितो.”

जुबैदानं तोंड उघडलं. लेक कायम राहील, आपल्या घरी राहील, जन्मभर राहील, असं कुठली आई आपल्या तोंडानं लेकीसाठी म्हणते? तो तर शाप. तिनं बिल्लोचा हात धरला. हात गार होता, काचेच्या गोळ्यानं. साहेब वाट पाहत होते, आणि बाहेर व्हरांड्यात रहेमानचा आवाज आला, कुणाला तरी मोठ्यानं, आनंदानं सांगणारा, की झालं, आमचं झालं.